मानवी वाढ आणि विकास हा विषय शाळेत कसा अभ्यासावा?

प्रश्न : शाळेच्या शेवटच्या वर्षांत मी ‘मानवी वाढ आणि विकास’ हा विषय घेतला आहे. गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंतचे टप्पे, त्यांची वये आणि शास्त्रज्ञांची नावे पाठ केली, तरी चाचणी संपली की काही लक्षात राहत नाही. पियाजे आणि एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या विकासाच्या अवस्थांची सरमिसळ होते. चाळिशीनंतरची प्रकरणे आत्ताच वाचून काय उपयोग, असेही वाटते. या विषयाचा अभ्यास नेमका कसा करावा?

उत्तर : पाठांतरात तुम्ही कमी पडत आहात असे मला वाटत नाही. पाठ्यपुस्तकातील तक्ता हा एका लांबलचक शोधाचा शेवट असतो, आणि विद्यार्थ्याच्या हाती बहुतेक वेळा तेवढा शेवटच पडतो. ‘सात ते अकरा वर्षे : मूर्त क्रियात्मक अवस्था’ (म्हणजे मूल समोरच्या वस्तूंविषयी तर्काने विचार करू लागते तो काळ) ही पियाजे यांच्या तक्त्यातील ओळ कुणीतरी मुलांसमोर बसून, त्यांना प्रश्न विचारून आणि त्यांची उत्तरे लिहून घेऊन मिळवलेली आहे. ती मुले कोण होती, त्यांना काय विचारले गेले आणि तोच प्रश्न दुसऱ्या कुणी वेगळ्या रीतीने विचारल्यावर काय झाले, हे कळले की ती ओळ विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. म्हणून हा विषय शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक सवय आग्रहाने लावते. पुस्तकातील प्रत्येक विधानापाशी थांबायचे आणि विचारायचे : हे कोणाला पाहून कळले, किती काळ पाहून कळले आणि कोणत्या परिस्थितीत पाहून कळले?

सुरुवात उंचीपासून करावी, कारण ती मोजता येते. फ्रान्समधील फिलिबेर द माँबेयार या गृहस्थांनी १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजायला सुरुवात केली आणि १७७७ पर्यंत, म्हणजे मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत, त्यात खंड पडू दिला नाही. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी या नोंदी आपल्या ग्रंथात छापल्या, आणि एकाच मुलाच्या वाढीची जन्मापासून तारुण्यापर्यंत ठेवलेली ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. अशा नोंदींवरून दोन आलेख काढता येतात. पहिल्यात प्रत्येक वयाची उंची असते, आणि त्यातली रेघ सतत वर चढत जाते. त्यातून फारसे काही उमगत नाही. दुसऱ्यात दर वर्षी उंचीत किती भर पडली हे मांडलेले असते, आणि तिथे वाढीचे खरे रूप दिसते. जन्माच्या वेळी साधारण पन्नास सेंटीमीटर लांबीचे बाळ पहिल्या वर्षात सुमारे पंचवीस सेंटीमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात त्याच्या निम्मे, पुढे बालपणभर वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर, आणि मग वयात येताना हा वेग अचानक पुन्हा चढतो. मुलींमध्ये त्या वेगाचे शिखर सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास येते, मुलांमध्ये सुमारे दोन वर्षांनी उशिरा. हे दोन्ही आलेख स्वतःच्या हाताने काढा. ‘वाढीचा वेग सर्व वयांत सारखा नसतो’ हे वाक्य त्यानंतर पाठ करावे लागणार नाही. (मोजमाप स्वतः करणार असाल तर वेळ एकच ठेवा, कारण दिवसभरात मणक्यांमधील चकत्या दबत असल्याने सकाळची उंची संध्याकाळपर्यंत जवळपास एक सेंटीमीटरने कमी भरू शकते.)

एका मुलाची नोंद कितीही काटेकोर असली, तरी ती एका मुलाचीच असते. इतरांविषयी काही म्हणायचे तर अनेकांकडे पाहावे लागते, आणि अनेकांकडे पाहिले की वयाचा एकच आकडा हाती लागत नाही, एक पट्टा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी बाळे आधाराविना बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे या गोष्टी कधी करू लागतात याची नोंद केली गेली. अगदी लवकर आणि अगदी उशिरा करणारी प्रत्येकी एक टक्का बाळे बाजूला ठेवली, तर आधाराविना बसण्याचा पट्टा ३.८ ते ९.२ महिन्यांचा निघाला आणि स्वतंत्रपणे चालण्याचा ८.२ ते १७.६ महिन्यांचा. ‘बाळ एक वर्षाचे झाले की चालते’ या सरधोपट वाक्याशेजारी हा पट्टा लिहून ठेवा. त्याच अभ्यासात चार टक्क्यांहून थोडी अधिक बाळे हात आणि गुडघे टेकून कधीच रांगली नाहीत, आणि तरीही ती निरोगी होती. म्हणजे तक्त्यात ज्या गोष्टी एकाखाली एक अशा शिडीसारख्या मांडलेल्या दिसतात, त्यांतली एखादी पायरी एखादे मूल सरळ ओलांडूनही जाते.

हे पट्टे परिस्थितीनुसार सरकतातही. बाळांचा झोपेत अचानक होणारा मृत्यू टाळण्यासाठी १९९०च्या दशकात अनेक देशांत त्यांना पाठीवर झोपवण्याचा सल्ला दिला जाऊ लागला. त्यानंतर असे दिसले की पाठीवर झोपणारी बाळे पालथी पडणे आणि रांगणे या गोष्टी थोड्या उशिरा करू लागतात, मात्र चालायला लागण्याच्या वयात फरक पडत नाही. बाळे पूर्वीसारखीच होती. दिवसाचा आणि रात्रीचा किती वेळ ती कोणत्या स्थितीत काढतात एवढेच बदलले होते. तिसरा प्रश्न, ‘कोणत्या परिस्थितीत पाहून’, किती महत्त्वाचा आहे हे समजावण्यासाठी याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

वाढ आणि विकास यांतील फरक परीक्षेत हमखास विचारला जातो, आणि ‘वाढ मोजता येते, विकास गुणात्मक असतो’ असे साचेबंद उत्तर लिहिले जाते. उत्तर चुकीचे नाही, पण त्यात समजल्याची खूण दिसत नाही. त्याऐवजी मेंदूचे उदाहरण द्या. लहान मुलाच्या मेंदूत चेतापेशींमधील जोडण्या अतोनात वाढतात आणि पुढे बालपणात व पौगंडावस्थेत त्यांतल्या कमी वापराच्या जोडण्या छाटल्या जातात. या काळात जोडण्यांची संख्या घटते आणि विचार करण्याची क्षमता वाढते. वाढ आणि विकास हातात हात घालूनच चालतात असे नाही, हे या एका उदाहरणातून स्पष्ट होते. विकास डोक्याकडून पायांकडे आणि शरीराच्या मध्यापासून टोकांकडे जातो, ही दोन तत्त्वेही अशीच शरीराकडे पाहून लक्षात ठेवावीत. नवजात बाळाचे डोके एकूण लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असते, प्रौढ माणसात ते साधारण एक अष्टमांश उरते.

आता पियाजे. जाँ पियाजे यांनी आपल्या सिद्धांताचा पाया घालताना स्वतःच्या तीन मुलांचे अतिशय बारकाईने निरीक्षण केले आणि पुढे सहकाऱ्यांसह अनेक मुलांशी संवाद साधून प्रयोग केले. त्यांचा एक प्रयोग तुम्हाला ठाऊक असेलच. सोंगट्यांच्या सारख्याच संख्येच्या दोन रांगा मुलासमोर मांडायच्या, दोन्हींत सोंगट्या सारख्या आहेत ना हे त्याच्याकडून वदवून घ्यायचे, मग एका रांगेतील सोंगट्या लांब लांब पसरवायच्या आणि पुन्हा विचारायचे. पाच वर्षांचे मूल बहुधा लांब रांगेकडे बोट दाखवून ‘यात जास्त आहेत’ असे म्हणते. पियाजे यांनी यावरून निष्कर्ष काढला की मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे या वयाच्या मुलाला अजून समजलेले नसते.

१९७४ साली जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी हाच प्रयोग एक छोटा बदल करून पुन्हा केला. सोंगट्या प्रयोगकर्त्याने पसरवल्या नाहीत. एक खोडकर खेळण्यातले अस्वल आले आणि त्याने रांग विस्कटली. नंतर प्रश्न तोच विचारला. या वेळी चार ते सहा वर्षांच्या कितीतरी अधिक मुलांनी ‘सारख्याच आहेत’ असे बरोबर सांगितले. असे का व्हावे, यावर स्वतः विचार करा. मोठ्या माणसाने मुलासमोर मुद्दाम काहीतरी बदलले आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, तर मुलाला वाटते की आपले पहिले उत्तर चुकले असावे, किंवा या बदलाविषयीच आपल्याला विचारले जात आहे. म्हणजे पियाजे यांना जे दिसले त्यात मुलाची संख्येविषयीची समज होती, आणि मोठ्यांच्या बोलण्याचा अर्थ लावण्याची त्याची धडपडही होती. अशीच गोष्ट नजरेआड गेलेल्या वस्तूची. पियाजे यांच्या मते झाकलेली वस्तू अजून तिथेच आहे ही जाण साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागते, कारण त्याआधी बाळ ती शोधत नाही. रेने बायारजाँ यांनी १९८७ साली बाळाने शोधण्याची वाट न पाहता, अशक्य वाटणाऱ्या घटनेकडे ते किती वेळ टक लावून पाहते हे मोजले, आणि साडेतीन-साडेचार महिन्यांच्या बाळांतही या जाणिवेच्या खुणा दिसल्या. हात वापरून शोधणे आणि नजरेने दखल घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या नजरेचा अर्थ किती लावावा यावर संशोधकांत आजही वाद आहे, आणि तो वाद तुम्ही उत्तरात मांडलात तर ते उत्तर अधिक प्रामाणिक होईल.

यावरून पियाजे खोटे ठरले, असा निष्कर्ष काही विद्यार्थी काढतात. तो घाईचा आहे. मुलांच्या विचारात वयानुसार जो क्रम येतो तो बराचसा टिकून आहे. वयाच्या सीमा मात्र त्यांना वाटल्या होत्या तितक्या पक्क्या नाहीत, आणि एकच मूल एका कामात पुढच्या अवस्थेत तर दुसऱ्या कामात मागच्या अवस्थेत असू शकते. शिवाय सोबत जाणते माणूस असेल तर मुलाची झेप वाढते, हा रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉटस्की यांचा मुद्दा इथेच जोडून वाचावा. तो वेगळ्या प्रकरणात ठेवला की निर्जीव होतो.

पियाजे आणि एरिक्सन यांच्यात तुमची होणारी सरमिसळ, कोणी काय विचारले आणि कोणाला पाहून, हे तपासण्याच्या सवयीने आपोआप सुटेल. पियाजे यांचा प्रश्न होता, मूल विचार कसे करते. एरिक्सन मनोविश्लेषणाच्या परंपरेत तयार झालेले. लोकांवर उपचार करताना आणि वेगवेगळ्या समाजांत वावरताना त्यांनी विचारले की त्या त्या वयात माणसाचे इतरांशी आणि स्वतःशी नाते कोणत्या पेचातून जाते. म्हणून पियाजे यांच्या अवस्था पौगंडाशी थांबतात आणि एरिक्सन यांच्या आठ अवस्था जन्मापासून वार्धक्यापर्यंत जातात. एरिक्सन यांनी हे १९५० साली मांडले. पुढे आयुष्य लांबले तेव्हा त्यांच्या पत्नी जोन एरिक्सन यांनी १९९७ साली अतिवृद्ध वयासाठी नववी अवस्था जोडली. जेम्स मार्शिया यांनी १९६६ साली एरिक्सन यांच्या ‘स्वत्व की संभ्रम’ या पौगंडातील पेचाचे चार स्थितींत विभाजन केले : ज्यांनी पर्याय चाचपून निवड केली, जे अजून चाचपत आहेत, ज्यांनी न चाचपता घरच्यांची निवड स्वीकारली आणि ज्यांनी चाचपणीही केली नाही व निवडही केली नाही. तुमच्या वयाच्या वाचकाला हे चार प्रकार आसपास लगेच दिसतील. मात्र मित्रांना त्या खणांत बसवण्याचा मोह आवरा. एकच माणूस अभ्यासाच्या बाबतीत एका स्थितीत आणि श्रद्धेच्या बाबतीत दुसऱ्याच स्थितीत असू शकतो.

पुस्तकाबाहेर पडून प्रत्यक्ष निरीक्षण केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ओळखीच्या घरातील एखाद्या बाळाचे, पालकांची परवानगी घेऊन आणि त्यांच्या उपस्थितीत, थोडा वेळ निरीक्षण करा. काय पाहायचे हे आधी ठरवा, नाहीतर बाळ गोड आहे यापलीकडे वहीत काही उतरत नाही. मी विद्यार्थ्यांना हात पाहायला सांगते. सहा-सात महिन्यांच्या बाळापुढे एखादी छोटी, तोंडात गेली तरी धोका नसलेली वस्तू ठेवली, तर ते सगळा पंजा त्यावर टाकते आणि बोटांनी ती स्वतःकडे ओढते. अंगठा या कामात जवळजवळ नसतोच. काही आठवड्यांनी अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकू लागतो. दहाव्या ते बाराव्या महिन्याच्या सुमारास अंगठ्याचे टोक आणि तर्जनीचे टोक समोरासमोर येतात, मनगट जमिनीवरून किंचित उचललेले असते, बाकीची बोटे मिटलेली असतात, आणि बाळ एखादा कणही अचूक टिपते. विकास मध्यापासून टोकांकडे जातो हे वाक्य इथे डोळ्यांसमोर घडत असते : आधी खांदा, मग कोपर, मग पंजा आणि शेवटी बोटांची टोके. हेच बाळ काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पाहायला मिळाले, तर माँबेयार यांनी जे केले तेच तुम्ही छोट्या प्रमाणावर करत असता.

नोंद लिहिताना जे दिसले ते आणि त्याचा तुम्ही लावलेला अर्थ यांसाठी वहीचे दोन वेगळे रकाने ठेवा. ‘मूल हट्टी आहे’ ही नोंद होऊ शकत नाही. ‘ठोकळा काढून घेतल्यावर तीन वेळा हात पुढे केला, मग आईकडे पाहिले, मग रडू लागले’ ही नोंद आहे. आधी आईकडे पाहणे आणि मग रडणे या क्रमात कितीतरी अर्थ दडलेला आहे, आणि ‘हट्टी’ या शब्दाने तो पुसला जातो. हा दोन रकान्यांचा शिरस्ता पुढे परिचर्या, शिक्षण, समुपदेशन अशा कुठल्याही क्षेत्रात गेलात तरी उपयोगी पडेल.

पौगंडावस्थेच्या प्रकरणाविषयी एक गंभीर सूचना, विद्यार्थ्यांइतकीच शिक्षकांसाठीही. हे प्रकरण वर्गात बसलेल्यांच्या शरीराविषयी आहे. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान कधीही होऊ शकते. त्यामुळे एकाच बाकावर एकाच वयाची, पण शरीराने दोन-तीन वर्षांचे अंतर असलेली दोन मुले बसलेली असतात, आणि दोघेही पूर्णपणे निरोगी असतात. हा पट्टा वर्गात ठामपणे सांगितला पाहिजे, कारण आपण मागे पडलो किंवा फार पुढे गेलो ही भीती अनेकांच्या मनात असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. पण वर्गातल्या मुलांची उंची-वजने सर्वांसमोर मोजून तक्ता करणे हा उपक्रम मला कधीच मान्य नाही. अनाम आकडेवारीवर काम करूनही तीच संकल्पना शिकता येते. स्वतःचे बालपणीचे फोटो आणा, आईला तुमच्या जन्माविषयी विचारा, या प्रकारच्या गृहपाठालाही नेहमी पर्याय ठेवावा. दत्तक गेलेले, आई-वडिलांपैकी कुणी गमावलेले किंवा अपंगत्व असलेले मूल वर्गात असते, आणि या विषयाने त्याला एकटे पाडणे हे या विषयाच्या हेतूच्याच विरुद्ध आहे.

सुरुवातीच्या वर्षांविषयी वाचताना विद्यार्थी बहुधा एका टोकाला जातात : पहिल्या तीन वर्षांत जे घडले त्यावर सगळे ठरते. इथेही कोणाला पाहून कळले ते विचारा. रोमेनियातील बुखारेस्ट शहरात २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थेत राहणाऱ्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना, निवड नशिबावर सोपवून, प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि जिव्हाळ्याचे बंध संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सुधारले, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांमध्ये काही बाबतींत ही सुधारणा अधिक दिसली. सुरुवातीचा काळ मोलाचा आहे आणि नंतरही बरेच सावरता येते, ही दोन्ही वाक्ये एकाच अभ्यासातून येतात. त्यांतले एकच उचलणे चूक आहे. दुसरे उदाहरण घ्या. वॉल्टर मिशेल यांच्या प्रसिद्ध प्रयोगात समोरची मिठाई लगेच न खाता थांबणारी मुले पुढे यशस्वी होतात असे दिसले होते. ती मुले एका नामवंत विद्यापीठाच्या बालवाडीतील होती. २०१८ साली अधिक विविध पार्श्वभूमीच्या मुलांवर हे पुन्हा तपासले तेव्हा तो संबंध बराच क्षीण झाला, आणि घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर आणखी क्षीण झाला.

आता चाळिशीनंतरच्या प्रकरणांविषयी. ही प्रकरणे वगळणारा विद्यार्थी या विषयाचा सर्वांत सुंदर भाग वगळतो, असे माझे ठाम मत आहे. एक प्रश्न घ्या : बुद्धी कोणत्या वयापासून उतरणीला लागते? पूर्वी वेगवेगळ्या वयांच्या लोकांची एकाच वेळी चाचणी घेतली जाई. विशीतले पुढे, साठीतले बरेच मागे, आणि म्हणून उतरण तिशीतच सुरू होते, असे अनुमान. वॉर्नर शाये यांनी १९५६ साली सिॲटलमध्ये एक अभ्यास सुरू केला आणि त्याच माणसांची दर सात वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली. चित्र पालटले. बहुतेक क्षमता साठीच्या आसपासपर्यंत टिकून राहत होत्या, काही तर मध्यमवयात वाढतही होत्या. मग आधीचे अनुमान चुकले कुठे? विशीतले आणि साठीतले लोक वयानेच वेगळे नव्हते. ते वेगळ्या काळात जन्मले होते, त्यांना मिळालेले शिक्षण, आहार आणि आरोग्यसेवा वेगळी होती. पिढीतला फरक वयाच्या खात्यावर लिहिला गेला होता. दीर्घकालीन पद्धतीतही उणिवा आहेत, कारण आजारी माणसे मध्येच गळतात, उरतात ती तुलनेने धडधाकट, आणि तीच चाचणी वारंवार दिल्याने सरावही होतो. म्हणून शाये यांनी प्रत्येक फेरीत नवी माणसेही जोडली. संशोधनपद्धतीचे प्रकरण कोरडे वाटत असेल तर ते या गोष्टीसोबत वाचा.

पॉल बाल्टेस यांनी यातूनच आयुष्यभराच्या विकासाचे सूत्र मांडले : प्रत्येक वयात काही मिळते आणि काही जाते. म्हातारपणी गमावणे आणि लहानपणी मिळवणे अशी सोपी वाटणी होत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवले की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील फरक ऐकू येतो, पण वर्षाची होईपर्यंत त्यांची ही क्षमता बरीच ओसरते. आपली भाषा पक्की होत असताना परक्या ध्वनींची जाण जाते. दुसऱ्या टोकाला, नवी कोडी झटपट सोडवण्याचा वेग प्रौढपणी हळूहळू कमी होतो, तर शब्दसंपत्ती आणि अनुभवातून आलेले ज्ञान पुष्कळ काळ वाढत राहते. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होत गेल्याने जवळचे वाचायला त्रास होतो. वयानुसार श्रवण कमी होते तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे ‘स’, ‘श’ असे ध्वनी निसटतात आणि वृद्ध माणूस म्हणते, ‘ऐकू येते, पण काय बोलतोस ते कळत नाही.’ तिथे ओरडण्याने काही साधत नाही. समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश आणि स्पष्ट बोलावे लागते. नाव आठवायला वेळ लागणे हे वयाचे सामान्य लक्षण असू शकते. रोजच्या वाटेवर रस्ता चुकणे हे मात्र वयाच्या माथी मारून सोडून देऊ नये, त्यासाठी डॉक्टरांकडे जावे. एवढे जरी या प्रकरणांतून तुमच्याकडे आले, तरी घरातल्या वडीलधाऱ्यांशी तुमचे वागणे आजपासून बदलू शकते. ‘आत्ता काय उपयोग’ या शंकेचे माझ्याकडे हेच उत्तर आहे. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीशी सविस्तर बोलूनही पाहा. ‘तुमच्या काळी कसे होते’ असे मोघम विचारू नका. आयुष्यातील कोणत्या निर्णयाने दिशा बदलली आणि तो आज घेतला असता का, असे विचारा, आणि मग एरिक्सन यांची शेवटची अवस्था (मागे वळून पाहताना आयुष्याविषयी समाधान की निराशा, हा पेच) पुन्हा वाचा.

मृत्यूविषयीच्या प्रकरणात पाच टप्प्यांचा तक्ता असतो : नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी तो १९६९ साली मांडला, आणि त्यामागे मरणासन्न रुग्णांशी झालेल्या मुलाखती होत्या. पुढे तो जवळची व्यक्ती गमावलेल्यांच्या शोकालाही सर्रास लावला गेला. सगळी माणसे याच क्रमाने या टप्प्यांतून जातात याला नंतरच्या संशोधनाचा आधार मिळालेला नाही. दुःखात असलेल्या मित्राला ‘तू अजून रागाच्याच टप्प्यात आहेस’ असे कधीही सांगू नका.

परीक्षेच्या दृष्टीने शेवटचे. हल्ली प्रसंग देऊन प्रश्न विचारले जातात, आणि पाठांतर करणारा विद्यार्थी तिथेच अडखळतो. समजा प्रसंग असा आहे : चौदा महिन्यांचे मूल अजून आधाराशिवाय चालत नाही, पालक काळजीत आहेत. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी लिहितो, ‘मूल एक वर्षात चालते, म्हणून विकासात विलंब आहे.’ चांगल्या उत्तरात आधी पट्टा येतो : निरोगी मुले साधारण आठव्या महिन्यापासून सतराव्या-अठराव्या महिन्यापर्यंत चालू लागतात, म्हणजे हे मूल पट्ट्याच्या आतच आहे. मग क्रम येतो : ते आधाराने उभे राहते का, धरून धरून पावले टाकते का, दोन्ही बाजूंचे हातपाय सारखे वापरते का? मग इतर अंगे येतात : हाक मारल्यावर वळते का, बोट दाखवते का, आवाज आणि शब्द यांचे काय? मूल दिवस भरण्याआधी जन्मलेले असल्यास त्याचे वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून धरले आहे का? शेवटी कृती येते : सध्या धीर द्यावा आणि लक्ष ठेवावे, अठरा महिने पूर्ण होऊनही चालत नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, आणि पूर्वी येत असलेली एखादी गोष्ट मूल कोणत्याही वयात करेनासे झाले, तर मात्र वाट न पाहता लगेच तपासणी करावी.